हललेले फोटो आणि जॅझ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकेतली कृष्णवर्णीय छायाचित्रकार मिंग स्मिथ हिच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगते. तिचे फोटो हललेले आहेत, फोकस चुकलाय, आणि त्या चुकांवर मी जॅझची शाल पांघरते आहे. असे फोटो तुमच्याकडून सवाई गंधर्वमध्ये निघाले असते, तर तुम्ही ते घरी येऊन डिलीट केले असते. कृष्णवर्णीय कलाकार म्हटलं की जॅझ आठवणं हा साचा आहे. आणि तिचं आताचं कौतुक म्हणजे हल्लीची लाट.

साचा आहे, हे अगदी मान्य. पण स्मिथच्या कामाला जॅझ बाहेरून चिकटवावा लागत नाही. तिचं लग्न डेव्हिड मरे या सॅक्सोफोनवादकाशी झालं होतं, त्याच्या दौऱ्यांबरोबर ती युरोपात फिरली. मुलाचं नाव मिंगस, जॅझ वादक चार्ल्स मिंगसवरून ठेवलेलं. ती ज्या माणसांत वावरत होती, त्यांचं हे संगीत होतं.

आता फोटो. १९७८ मध्ये न्यूयॉर्कला काढलेला सन रा या जॅझ संगीतकाराचा फोटो पुन्हा एकदा सावकाश बघा. त्याचा चमचमता पोशाख प्रकाशाच्या रेघा होऊन पसरलाय, भोवती काळोख आहे. फ्लॅश मारला असता तर त्या पोशाखावरची टिकली न् टिकली मोजता आली असती, पण तो काळोख आणि ती हालचाल दोन्ही गेलं असतं. स्मिथ आहे त्या उजेडात, शटर जास्त वेळ उघडं ठेवून काम करते. तेवढ्या वेळात समोरचा माणूस कुठे वळेल, हात कुठवर जाईल, हे आधी कळायला मार्ग नसतो. संगीत मात्र कानावर पडत असतं, आणि त्याच्या भरवशावर बटण दाबायचं असतं. जॅझवादकही आयत्या वेळी सुचेल तसं वाजवतो. तिच्या फोटोंतला जॅझ मला इथे दिसतो : निर्णय त्या क्षणी घ्यायचा आणि तो निभवायचा. तुमच्या मैफलीच्या फोटोंत गायकाचा चेहरा, हाताची मुद्रा स्पष्ट हवी असते, आणि ते योग्यच आहे. ते फोटो मला आवडतात. पण ती कसोटी इथे लावली तर या फोटोत जे आहे तेच गाळलं जातं.

हे तिला एकटीला सुचलं असंही नाही. १९६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीय छायाचित्रकारांचा कामोइंगे हा गट सुरू झाला. त्याचा पहिला संचालक रॉय डीकरावा. गडद करड्या छटांत, काळोखाला न घाबरता प्रिंट करणारा माणूस, आणि जॅझ वादकांचे अप्रतिम फोटो काढणारा. या गटात सगळे एकमेकांचं काम समोर ठेवून परखड चर्चा करत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला स्मिथ त्यात आली, ती गटातली पहिली स्त्री. जिथे दर फोटोची अशी झडती होते, तिथे हात हलल्याची सबब किती दिवस चालेल?

माझा खरा पुरावा मात्र परदेशातल्या फोटोंत आहे, आणि त्यांबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. जर्मनीतल्या झिंगेन या छोट्या शहरातला १९८९ चा फोटो घ्या. त्याच्या शीर्षकात तिने व्हॅन गॉगचं नाव खेळवलंय. ना क्लब, ना वादक, तरी उजेड आणि काळोख यांच्याशी तिचं वागणं तेच. कैरोमध्ये १९९२ साली पिरॅमिडपाशी तिने दुहेरी एक्सपोजर वापरून स्वतःलाच फोटोत आणलं. प्रवासी तिथे जाऊन पिरॅमिड टिपतात. ती एका दृश्यावर दुसरं दृश्य चढवते, आणि दोन्ही मिळून काय होईल याची जोखीम पत्करते. जॅझ हा तिचा नुसता विषय असता, तर वादक नसलेल्या ठिकाणी तो संपला असता. तो तिच्या हातात होता, म्हणून सेनेगलपासून जपानपर्यंत तिच्यासोबत गेला.

राहिली हल्लीची लाट. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तिचं काम १९७९ मध्ये घेतलं. त्या संग्रहात काम गेलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री छायाचित्रकार. पोर्टफोलिओ द्यायला ती गेली तेव्हा स्वागतकक्षातल्या बाईंना ती कुरियरवाली वाटली, असं तिने सांगितलंय. त्याच संग्रहालयात तिच्या एकटीच्या कामाचं प्रदर्शन लागायला २०२३ उजाडावं लागलं. चव्वेचाळीस वर्षांनी आलेल्या प्रदर्शनाला लाट म्हणणं मला अन्यायाचं वाटतं, आणि तुमच्या प्रतिक्रियेतलं हेच वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं.

एका बाबतीत आपलं जमेल बहुधा. काही प्रिंटांवर तिने हाताने रंग लावलेत, ते सगळेच मला पटत नाहीत. काही ठिकाणी रंग त्या काळोखावर कुरघोडी करतो. तुमचं त्यांबद्दल काय मत आहे, जरूर लिहा.