अळीशी गाठ

ज्याच्या आयुष्यात शांतता फार झाली असेल, त्याने पतंग ओळखायला घ्यावेत. फुलपाखरांचं सोपं असतं. जगात त्यांच्या जाती अठरा हजारांच्या आसपास, दिवसाढवळ्या हिंडणार, मिशांच्या टोकाला गाठ. पतंगांच्या नोंदलेल्या जाती सव्वा लाखाच्या वर, आणि माझ्या भिंतीवर येऊन बसणारे सगळे वाळक्या पानाच्या रंगाचे. काही जाती तर इतक्या सारख्या की जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय तज्ज्ञही नाव सांगत नाहीत. ही माहिती मी ऐन जेवताना दिली. तेव्हापासून ताटावर बोलायची मला बंदी आहे.

म्हणून उलट्या बाजूने, अळीपासून सुरुवात केली. कण्हेरीवर एक बोटाएवढी जाड हिरवी अळी बसली होती. शेपटाकडे आखूड शिंग, डोक्यामागे दोन निळे-पांढरे डोळे. डोळे खोटे, पक्ष्यांना दटावायला काढलेले. बोट जवळ नेलं की बाई डोकं आत ओढून घ्यायची, डोळे वटारले जायचे आणि मी, सगळं माहीत असून, मागे सरकायचो. शेपटाला शिंग म्हणजे हॉक मॉथ या पतंगांचं कुळ. त्यात कण्हेरीवर, म्हणजे बहुधा ओलिएंडर हॉक मॉथ; ओलिएंडर म्हणजे कण्हेरच. अळीचं झाड कळलं की अर्धं काम होतं, कारण खाण्याच्या बाबतीत अळ्या कमालीच्या हट्टी. हिला कण्हेर, तगर, सदाफुली अशी मोजकीच झाडं चालतात. कण्हेर माणसाला विषारी, त्यामुळे पानं तोडून मी हात धूत बसायचो आणि ही कडेपासून शिरेपर्यंत पान साफ करून पुढच्याची वाट बघायची. एका टोकाला खाणं चालू, दुसऱ्या टोकाला हिशेब चुकता. बरणीतल्या लेंड्यांवर उभ्या खाचा इतक्या रेखीव होत्या की मी त्यांचाही फोटो काढला. तो घरच्यांच्या ग्रुपवर कसा गेला, हा विषय आपण नको काढूया.

मग एका सकाळी हिरवी अळी तपकिरी. खाणं बंद, बरणीभर येरझाऱ्या. घरात तिला आजारी ठरवून झालं. तिला फक्त कोष करायला पालापाचोळा हवा होता. तो दिला, ती आत शिरली, आणि पुढे बघण्यासारखं काही नाही. आत मात्र जुन्या शरीराचा बराचसा भाग विरघळून नवं घडत असतं. तरी २००८ साली एका प्रयोगात दिसलं, की अळीला विजेचा झटका देऊन एखादा वास टाळायला शिकवलं, तर पतंग झाल्यावरही तिला तो आठवतो. हे वाचल्यावर मी बोट लावणं सोडलं. शिवाय धाकधूक वेगळीच: अळीत आधीच एखाद्या माशीने अंडी घातली असतील, तर कोषातून पतंगाऐवजी माश्याच निघायच्या.

निघाला पतंगच. पंख आधी चुरगळलेले, मग हळूहळू ताणले गेले; हिरव्या-गुलाबी पट्ट्यांची अगदी लष्करी गणवेशातली नक्षी. शंकाच नाही. पडद्यावर चढून त्याने कोषात साठलेला सगळा मळ एका पिचकारीत मोकळा केला.

"हे कोणी केलं?" आईने विचारलं.

"डॅफ्निस नेरीने," पतंगाचं शास्त्रीय नाव घेत मी छाती फुगवून म्हणालो. "प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ साली नोंदवलाय त्याला."

"मग लिनियसला सांग पडदा धुवायला."