किमोनोत गेली, गॉगलमध्ये आली

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एकच रवंथ चाललंय. कुणी एक मराठी नटी मुलाखतीत निम्मं इंग्रजी बोलली. "चार दिवस परदेशात काय राहिली, शेफारली!" हे लिहिणारा माझा चुलतभाऊ जन्मात फार तर कोथरूडहून बाणेरला गेलाय.

मी टोकियोत राहते, रोज कामाता स्टेशनला गाडी बदलते. दारं मिटायच्या आधी जी धून वाजते, ती इथल्या जुन्या शोचिकू सिनेमा स्टुडिओच्या गाण्याची. स्टुडिओ १९३६ सालीच ओफुनाला गेला. जपानी नटी किनुयो तानाकाची उमेदीची वर्षं याच कामातात गेली. १९२४ साली ती पडद्यावर आली, तेव्हा चौदा वर्षांची होती. त्याच्या थोडं आधीपर्यंत जपानी सिनेमात बायकांची कामं पुरुषच करायचे. आणि फाळक्यांची १९१३ सालची तारामतीसुद्धा साळुंके नावाचा पुरुषच होता, हे ग्रुपवरच्या संस्कृतिरक्षकांनी जरा आठवावं.

१९४९ साली तानाका सदिच्छा दौऱ्यावर अमेरिकेला निघाली ती किमोनो नेसून. जानेवारी १९५० मध्ये परतली ती गॉगल लावून, 'हॅलो' म्हणत, गर्दीकडे हवेतून चुंबनं फेकत. वर्तमानपत्रांनी तिला सोलून काढलं. ज्यांच्याकडून युद्ध हरलो त्यांचंच सैन्य देशात बसलेलं, त्यात हे. झोंबणारच. पण पंचवीस वर्षांचं काम एका गॉगलपायी मातीत घालायचं?

तिने १९५३ साली दिग्दर्शन सुरू केलं, सहा सिनेमे केले. ज्या दिग्दर्शक मिझोगुचीच्या सिनेमांत तिने जीव ओतला, त्यानेच तिच्या दिग्दर्शनाला विरोध केला. १९७५ साली बर्लिनमध्ये ती सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली, तेव्हा पासष्टीची होती.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. भावाचं उत्तर आलं, "तुला काय, तिकडचंच कौतुक." काकूने त्याला अंगठा दिला.

तिकडचं! चौदा वर्षं झाली, कचरा वाराप्रमाणे काढते, फोनवरही वाकून बोलते, तरी इथला दुकानदार अजून माझ्या जपानीचं कौतुक करतो. परक्याचंच करतात तसं. आणि मुंबई जवळ आली की मी विमानाच्या टॉयलेटात जाऊन टिकली लावते, केस बांधते, जीन्सवर कुर्ता चढवते. एकदा घाईत टिकली राहिली. घरी पोचल्यावर काकू पहिलं वाक्य बोलली, "बदललीस गं."

मी घाईघाईने माफी मागितली, जपानीत, सुमिमासेन म्हणाले. तेही वाकून.