मॉर्मन मिशनरी मुले आणि स्पॅनिश मंडळी : एका फिरत्या संदेशाला उत्तर

अमेरिकेतील मराठी कुटुंबांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : पांढरा सदरा, टाय आणि काळी नावपट्टी लावून धर्मप्रचारासाठी दारोदार जाणारी मॉर्मन या अमेरिकी ख्रिस्ती पंथाची मुले ही एका गडगंज चर्चची पगारी माणसे आहेत, सहा आठवड्यांत पोपटासारखी स्पॅनिश घोकवून त्यांना मेक्सिकोहून आलेल्या गरीब, भोळ्या लोकांच्या वस्त्यांत सोडले जाते, धान्य आणि इंग्रजीचे फुकट वर्ग यांचे आमिष दाखवून त्या लोकांचा धर्म बदलला जातो, आणि या मुलांना दोन वर्षे आईवडिलांशी बोलूही दिले जात नाही. मी ॲरिझोनातील मेसा येथे राहते. आमच्या भिंतीला लागून राहणारे मेक्सिकोतील सोनोराकडचे जोडपे याच चर्चच्या स्पॅनिश भाषक मंडळीत, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या स्थानिक गटात, आहे. मी त्या पंथाची नाही, दारावर येऊन धर्म सांगण्याची रीत मला पसंतही नाही. तरीही या संदेशातील बरेचसे चुकीचे आहे आणि जे थोडे खरे आहे त्यातून काढलेला निष्कर्ष अन्यायाचा आहे, म्हणून हे लिहिते.

पगाराचा मुद्दा आधी घेते, कारण तो सहज तपासता येतो. या मुलांना पगार मिळत नाही. उलट तेच पैसे भरतात. अमेरिकेतून जाणाऱ्या मुलामागे 2020 पासून महिना 500 डॉलर भरावे लागतात. मुलगे 24 महिने जातात, म्हणजे 12,000 डॉलर. मुली 18 महिने जातात, म्हणजे 9,000. हे पैसे मुलाने साठवलेले असतात किंवा घरचे देतात, आणि ज्यांना झेपत नाही त्यांना त्यांची मंडळी हातभार लावते. सगळ्यांचे पैसे एकत्र करून त्यातून प्रत्येकाला भाड्याजेवणापुरते दिले जाते. चर्च श्रीमंत आहे हे मात्र खरे आहे. गुंतवणुकीची माहिती दडवल्याबद्दल 2023 मध्ये अमेरिकेच्या रोखेबाजार नियामकाने चर्च आणि तिची गुंतवणूक संस्था यांना मिळून 50 लाख डॉलर दंड केला, आणि त्याबद्दल चर्चला जाब विचारणे योग्यच आहे. पण तो जाब एकोणीस वर्षांच्या, सायकलवरून घामाघूम होऊन येणाऱ्या मुलाला विचारायचा नसतो.

आता भाषेचा मुद्दा. युटातील प्रोवो किंवा मेक्सिको सिटी येथील प्रशिक्षण केंद्रांत स्पॅनिश शिकणाऱ्याला सुमारे सहा आठवडेच मिळतात, हे बरोबर आहे. चूक आहे ती पुढे : तेवढ्यावर शिक्षण संपते असे गृहीत धरण्यात. खरे शिक्षण मंडळीत होते, आणि शिक्षक असतात तेच लोक, ज्यांना संदेश भोळे म्हणतो.

मागच्या हिवाळ्यात शेजाऱ्यांनी दोघा मिशनऱ्यांबरोबर आम्हालाही जेवायला बोलावले होते. टेबलावर सोनोराकडच्या रुंद, पातळ तोर्तिया होत्या. खानदेशात मांडे हातावर ताणून करतात तशाच त्या ताणून केलेल्या असतात. आमच्यासाठी चरबीऐवजी तेलातली घेवड्याची उसळ होती. दोघांपैकी एक मुलगा आयडाहोचा, मंडळीत येऊन तीन महिने झालेला. त्याने डोळे मिटून प्रार्थना म्हटली आणि अन्नाला आशीर्वाद मागताना ‘बेंदिगा’ असे म्हटले. आमेन झाल्यावर शेजारीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘बेंदिगा माणसांना. देवाला बेंदिसे.’’ पहिले रूप ‘तुम्ही’चे, दुसरे ‘तू’चे. त्या मुलाच्या घरी इंग्रजी प्रार्थनेत जुनी, आदराची मानली जाणारी सर्वनामे वापरतात, म्हणून स्पॅनिशमध्येही आदराचे रूपच देवाला शोभेल असे त्याला वाटले. स्पॅनिशमध्ये मात्र देवाशी जवळिकीने बोलतात. सासऱ्यांना ‘तुम्ही’ आणि विठोबाला ‘तू’ म्हणणाऱ्या आम्हाला ते समजायला वेळ लागला नाही. मुलाने खिशातली लहान वही काढली, दोन्ही शब्द शेजारीशेजारी लिहिले आणि मध्ये एक उभी रेघ ओढली. घोकंपट्टीने हे येत नाही. कुणीतरी आपले मानून चूक दुरुस्त करावी लागते.

संदेशातील ‘भोळे लोक’ हा शब्द मला सर्वांत जास्त लागला, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहिते. या चर्चमध्ये स्थानिक मंडळीला पगारी धर्मगुरू नसतो. स्पॅनिश मंडळीला ते ‘बार्रियो’ म्हणतात. तिचा बिशप म्हणजे मंडळीचा प्रमुख, त्याचे सल्लागार, मुलांना शिकवणाऱ्या बाया, हिशेब ठेवणारा कारकून, सगळे आपापला धंदा सांभाळून बिनपगारी काम करतात. आमचे शेजारी आठवडाभर वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करतात आणि रविवारी बार्रियोचे कारकून असतात. मिशनरी मुले काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी बदलली जातात. मंडळी तिथेच असते. पाहुणा कोण आणि घरधनी कोण, हे एवढ्यावरून कळावे.

हे आजचे नाही. या पंथाच्या धर्मग्रंथाचे निवडक भाग 1875 मध्ये स्पॅनिशमध्ये छापले गेले. त्या भाषांतराचा कणा होता मेलितोन त्रेहो हा स्पेनमध्ये जन्मलेला लष्करी अधिकारी. पूर्ण ग्रंथ 1886 मध्ये आला. 1936 मध्ये मेक्सिकोतील सुमारे एकतृतीयांश सभासद, आमचा प्रमुख मेक्सिकन असावा अशी मागणी करून वेगळे झाले आणि दहा वर्षे वेगळेच राहिले. 1946 मध्ये चर्चचे अध्यक्ष जॉर्ज अल्बर्ट स्मिथ स्वतः मेक्सिकोला गेले तेव्हा समेट झाला. आणि याच मेसातील मंदिरात 1945 मध्ये या पंथाचे मंदिरविधी प्रथमच इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत, म्हणजे स्पॅनिशमध्ये झाले. त्यासाठी लोक मेक्सिकोतून प्रवास करून आले. दहा वर्षे मुख्यालयाशी भांडणाऱ्या लोकांना भोळे म्हणणे म्हणजे त्यांचा इतिहासच न वाचणे. याउलट आपल्याकडे पाहा : ह्यू फिंडले हा या पंथाचा स्कॉटिश मिशनरी 1852 मध्ये मुंबईत उतरला, पुण्यातही राहिला; पण तिथली मंडळी लहानच राहिली आणि टिकली नाही. केवळ बाहेरून आलेल्या प्रचारकाच्या बळावर मंडळी उभी राहत नाही.

आमिषाबद्दल. इंग्रजीचे वर्ग होतात आणि ते कुणालाही खुले असतात. अडलेल्या कुटुंबाला बिशप धान्यही देतो. सभासद महिन्यातून एकदा दोन जेवणे सोडून त्याचे पैसे देतात, त्यातून ही मदत होते. पण बाप्तिस्मा घेणाऱ्याला उत्पन्नाचा दहावा हिस्सा द्यावा लागतो आणि चहा, कॉफी, दारू, तंबाखू सोडावी लागते. तांदळाच्या पिशवीसाठी कुणी हा सौदा करणार नाही. घाईने झालेले बाप्तिस्मे आणि नंतर मंडळीत न फिरकणारी माणसे ही या चर्चची जुनी अडचण आहे, आणि मुलांना ठरवून दिलेल्या लक्ष्यांशी तिचा संबंध आहे असे मला वाटते. टीका करायची तर इथे जागा आहे.

राहिला घरच्यांशी बोलण्याचा मुद्दा. पूर्वी वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनी, फोन करता येत असे; एरवी पत्र किंवा ईमेल. फेब्रुवारी 2019 पासून दर आठवड्याला सुटीच्या दिवशी फोन किंवा व्हिडिओवर बोलता येते. मुलांना या कामावर पाठवण्याच्या सक्तीबद्दल म्हणाल तर कायद्याने किंवा नियमाने ती नाही, पण मुलग्यांवर अपेक्षेचे ओझे जबर असते, आणि मध्येच परतलेल्या मुलाकडे काही घरांत, काही मंडळ्यांत ज्या नजरेने पाहिले जाते ती क्रूर आहे. हे त्या चर्चमधली माणसेही आता उघडपणे बोलतात.

एका सोमवारी मी डबा परत द्यायला शेजारी गेले, तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरात तो आयडाहोचा मुलगा आईशी व्हिडिओवर बोलत होता. आईला स्पॅनिश येत नव्हते आणि बाईंना इंग्रजी. आई विचारत होती, हा नीट जेवतो का, झोपतो का; बाई सांगत होत्या, जेवतो, पण उन्हात टोपी घालत नाही; आणि मुलगा मध्ये बसून दोन्हीकडचे भाषांतर करत होता. टोपीचे वाक्य त्याने जरा सौम्य करून सांगितले असावे, कारण बाईंनी फोन स्वतःकडे ओढला आणि डोक्यावर हात ठेवून त्या आईला ते पुन्हा खुणेने सांगितले.