फ्लँज मागवताय? मग एवढं कराच

'फ्लँज, दोन इंची, नग 12, चांगल्या क्वालिटीचे.' फ्लँज म्हणजे पाइप बोल्टने जोडायची भोकांची चकती; तिचा इंडेंट, म्हणजे खरेदीचं मागणीपत्र, असाच लिहावा. क्लास (प्रेशरचा दर्जा), फेस (जोडाचा पृष्ठभाग), मटेरियल, स्टँडर्ड असले तपशील लिहिणारा माणूस स्वतःला फार शहाणा समजतो असा परचेसवाल्यांचा समज होतो, आणि दिवाळीच्या आधी तो कोणालाच परवडत नाही.

तरी कोणी क्लास विचारलाच, तर 'दीडशेचा' म्हणून सांगा. दीडशे म्हणजे दीडशे किलो प्रेशर, हे आपल्याकडे बाळंतविड्याबरोबरच मिळालेलं ज्ञान आहे. क्लास 150 चा कार्बन स्टीलचा फ्लँज थंड असताना जेमतेम 19.6 बार (बार म्हणजे साधारण किलोच) सोसतो, 200 अंशांना 13.8 आणि 400 अंशांना 6.5, असा तक्ता फ्लँजांच्या अमेरिकन स्टँडर्डमध्ये, बी 16.5 मध्ये, छापलेला आहे म्हणतात. पण तो उघडायचा कशाला? आपली वाफ काही इंग्रजी वाचत नाही.

आता भोकं. इथे खरी मजा आहे. दोन इंची दीडशेच्या फ्लँजला चार भोकं, बोल्टचं वर्तुळ 120.7 मिलिमीटर. ब्रिटिश पद्धतीचा टेबल ई घेतलात तरी चारच भोकं, पण वर्तुळ 114 चं. युरोपियन पीएन 16 चा घेतलात तर पुन्हा चारच, वर्तुळ 125. म्हणून तिन्ही थोडे थोडे मागवावेत. पंप एका देशाचा, व्हॉल्व्ह दुसऱ्या देशाचा, पाइप आपला, सर्वधर्मसमभाव राहतो. बोल्ट बसले नाहीत तर गॅस कटर आहेच. गोल भोक लांबट करायला मिनिटही लागत नाही, वर वॉशर टाकला की कोणाच्या बापाला कळत नाही.

फोर्जिंगचा, म्हणजे ठोकून घडवलेल्या फ्लँजचा, हट्ट सोडा. जाड प्लेट गोल कापून, टर्निंग मारून, वर हातोड्याने 'ए 105' हा फोर्जिंगच्या स्टीलचा शिक्का ठोकला की झाला ए 105. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा; पण सोनूबाई किलोमागे स्वस्त पडते आणि टेस्ट सर्टिफिकेट तर झेरॉक्सच्या दुकानातही निघतं. वेल्ड नेक, म्हणजे मान असलेला फ्लँजही नको. त्याची वेल्ड बट, म्हणजे पाइपाच्या टोकाला टोक लावून मारलेली असते, मेली एक्स-रेत दिसते. पाइपावर सरकवायचा स्लिप-ऑन बरा: बाहेरून एक वेल्ड मारायची, आतली राहून गेली तरी बघायला आत कोण शिरणार आहे!

पंप बिडाचा आणि त्याचा फेस सपाट असेल, तर त्यावर उठावाच्या फेसचा स्टीलचा फ्लँज लावा आणि पान्याला पाइप लावून आवळा. कडेला पोकळी राहते, बिडाचा फ्लँज वाकायला तयार नसतो, सरळ तडकतो. आवाज छान येतो. बोल्ट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने आवळायचे असतात असं एखादा म्हातारा फिटर म्हणेल. त्याला चहा पाजून दुसऱ्या खात्यात पाठवावं.

आणि ड्रॉइंग? इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरोच्या केमिकल कारखान्यात 1974 साली एक रिअॅक्टर काढून त्या जागी 20 इंची बायपास टाकला होता. त्याचं ड्रॉइंग वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढलेलं, दोन्ही टोकांना बेलोज, म्हणजे घड्यांचे लवचीक जोड. 1 जूनला तो फाटला, 28 माणसं गेली. आपण तेवढे मागासलेले नाही. आपण व्हॉट्सअॅपवर काढतो.

एवढं सगळं जमलं की सुट्टीच्या आदल्या रात्री जॉइंट शिटी घालू लागेल. घाबरू नका. गळती चालू लाइनवर बंद करणारी एजन्सी येईल, क्लॅम्प बसवेल आणि बाराही फ्लँजांच्या दुप्पट बिल देईल. ते तासाभरात पास होतं. ब्रेकडाउनच्या खरेदीला तीन कोटेशन लागत नाहीत.