जामीनदाराची सही म्हणजे ‘नुसती ओळख’ नव्हे

‘जामीनदारांनो, घाबरू नका’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. तो आत्याने मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘मग धाकट्याने पतसंस्थेत मित्राला जामीन राहायला हरकत नाही ना?’ हरकत आहे, आत्या. आणि हा मेसेज लिहिणाऱ्याने आजवर किती जणांना सही करायला लावलं असेल, या विचाराने संताप येतो.

त्यातला सगळ्यात घातक दावा असा: ‘आधी कर्जदाराचं घर, शेत विकल्याशिवाय बँक जामीनदाराला हात लावू शकत नाही.’ धादांत खोटं. भारतीय करार कायदा 1872 चं कलम 128 सांगतं की करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. इतकीच म्हणजे मुद्दल, व्याज, सगळं. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात खालच्या कोर्टाने नेमकं या मेसेजसारखंच म्हटलं होतं: आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग जामीनदाराकडे जा. हायकोर्टानेही ते उचलून धरलं. सर्वोच्च न्यायालयाने 1968 साली ती अट रद्द केली. जामीनदाराला मागे ठेवायचं असेल तर जामीन घेण्याचा हेतूच फसतो, असं त्यामागचं कारण. म्हणजे कर्जदार गाडीतून फिरत असला तरी नोटीस तुमच्या दारात येऊ शकते.

‘जामीनदार म्हणजे फक्त ओळख देणारा साक्षीदार’ या दाव्याचं उत्तर वर आलंच. ‘कर्जदार वारला की जामीन संपतो’ हेही खोटं. कर्जावर विमा असेल आणि त्यातून पैसे मिळाले तर गोष्ट वेगळी. ‘राईट ऑफ झालं म्हणजे माफ झालं’, हेही नाही. ती बँकेच्या हिशेबातली नोंद असते, वसुली चालूच राहते. आणि ‘पगाराला कोणी हात लावू शकत नाही’? सहकारी संस्थेच्या सभासदाने पगारातून कपातीचं करारपत्र दिलेलं असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 49 खाली नोकरी देणाऱ्या मालकाला ती रक्कम कापून द्यावी लागते. शिवाय त्याच अधिनियमाच्या कलम 101 खाली सहकार निबंधकाचा वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करण्याचा आदेश निघतो, तो वेगळाच.

‘भरलेले पैसे कर्जदाराकडून परत मिळतात’ असंही मेसेजात आहे. तसा हक्क करार कायद्याचं कलम 145 देतं, हे खरं. पण ज्याच्याकडून संस्थेला काही निघालं नाही, त्याच्याकडून तुम्ही काय काढणार?

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. जामीनदाराला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या, तर पुढच्या व्यवहारांपुरता तो सुटतो, असं करार कायद्याचं कलम 133 म्हणतं. मेसेजवाल्याने हे लिहिलंय, पण अर्धंच. अनेक जामीनपत्रांच्या छापील मजकुरातच ‘अटी बदलल्यास माझी हरकत नाही’ असं वाक्य असतं, आणि बहुतेक जण ते न वाचताच खाली सही करतात.