माकडाने आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही

जानेवारीत आईला घेऊन जपानला गेले होते. त्यातला एक दिवस जिगोकुदानीच्या माकडांसाठी राखून ठेवला होता. जिगोकुदानी म्हणजे नरकदरी. "एवढे पैसे मोजून नरकात?" असं आई विमानात बसल्यापासून म्हणत होती.

नागानोपर्यंत शिन्कान्सेन म्हणजे बुलेट ट्रेन, मग छोट्या गाडीने युदानाका, तिथून बसने कानबायाशी. पुढे गाडी जात नाही. १.६ किलोमीटर बर्फातून चालायचं. आईच्या गुडघ्यांची मला धास्ती होती, पण मीच दोनदा घसरले.

आणि मग ती दिसली. वाफाळत्या कुंडात गळ्यापर्यंत बुडालेली, लालबुंद तोंडाची, डोळे मिटलेली. डोक्यावर बर्फ साचतोय, त्याचं काही नाही. "पहिली आंघोळ चाललीये बघ यांची," आई म्हणाली. "नुसतं उटणं लावायचं राहिलंय."

फोटो सगळ्यांनीच पाहिलेले असतात. 'लाइफ' या अमेरिकी साप्ताहिकाने १९७० सालीच ही माकडं मुखपृष्ठावर छापली होती. फोटोत न येणारी गोष्ट अशी, की ते कुंड माणसानेच माकडांसाठी बांधलंय. शिगा कोगेन भागात स्कीइंगसाठी डोंगर साफ होऊ लागले, तशी माकडं खाली उतरली आणि बागांत-शेतांत घुसू लागली. शेतकरी वैतागले, त्यांना मारायची भाषा सुरू झाली. तेव्हा काही जणांनी त्यांना दरीतच खायला घालून तिथे थोपवून धरलं. शेजारच्या जुन्या सरायीतल्या उघड्या कुंडात एका पिल्लाने उडी घेतली, बाकीच्यांनी बघून बघून उचललं. माणसांच्या पाण्यात माकडं नकोत म्हणून त्यांना वेगळं कुंड मिळालं. १९६४ मध्ये उद्यान सुरू झालं. आजही तिथले कर्मचारीच त्यांना धान्य टाकतात.

"म्हणजे जंगली नाहीतच की!" असं कुणी म्हणेल. मीही आधी तेच म्हणत होते. पण तिथे तासभर उभी राहिले आणि माझं मत बदललं. एक माकडीण माझ्या बुटावरून चालत गेली. माझ्या हाताकडे, पर्सकडे, खिशाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. पर्यटकाने खायला द्यायचं नाही, हात लावायचा नाही, डोळ्यांत डोळे घालून बघायचं नाही, हे नियम लोक खरोखर पाळतात. त्यामुळे पर्यटकाचा हात म्हणजे खाऊ, हे तिथल्या माकडाला ठाऊकच नाही.

आपलं माथेरानचं माकड त्याच मकाक कुळातलं. ते आधी पिशवी बघतं, मग माणूस. त्याला आपण 'चोरटं' म्हणतो. कुरकुऱ्याचं पाकीट पहिल्यांदा पुढे कुणी केलं होतं? मारुतीचं नाव घेऊन केळं द्यायचं आणि त्याने चष्मा पळवला की दगड मारायचा, हे मला अजिबात पटत नाही.

असो. पाण्यातही सगळं गोडीगुलाबीने चालत नाही. क्योटो विद्यापीठाच्या संशोधकांनी १२ माद्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. विष्ठेतली संप्रेरकं तपासून त्यांनी दाखवलं, की थंडीत आंघोळीने माद्यांवरचा ताण खरंच कमी होतो. पण जास्त वेळ डुंबायला मिळतं ते वरच्या मानाच्या माद्यांना. आमच्यासमोरच एक थोराड बाई पाण्यात उतरली आणि कडेच्या दोघी मुकाट्याने सरकल्या. आई पुटपुटली, "सासूबाई आल्या."

"बाहेर आल्यावर गारठत नसतील?" हा तिचा पुढचा प्रश्न. अंगावर दाट लोकर, आणि घाम आपल्यासारखा येत नाही, त्यामुळे नाही गारठत.

परतताना कानबायाशीच्या थांब्यावर आईने पर्समधून चिक्की काढली. सकाळपासून तिने ती पर्स छातीशी घट्ट धरून ठेवली होती. चेन उघडण्याआधी तिने मान वर करून थांब्याचं छप्पर पाहिलं, मग मागची झाडं पाहिली, आणि तेव्हा कुठे मला अर्धी दिली.