आरएनएत ‘चारच अक्षरं’? एका फॉरवर्डला उत्तर

‘निसर्गाने आरएनएला ए, यू, जी, सी ही चारच अक्षरं दिली. स्यूडोयुरिडिनसारखी बदललेली अक्षरं म्हणजे प्रयोगशाळेतली भेसळ. पेशीला त्यांचा उपयोग शून्य.’ एमआरएनए लशींच्या निमित्ताने निघालेला हा मजकूर अजून ग्रुपवर फिरतोय.

‘चारच अक्षरं.’ १९६५ साली अमेरिकी जैवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट हॉली यांनी यीस्टमधल्या ॲलानिन या अमिनो आम्लाच्या टी-आरएनएचा (प्रथिन बनताना अमिनो आम्ल वाहून आणणाऱ्या छोट्या आरएनएचा) पूर्ण क्रम प्रसिद्ध केला. त्यात स्यूडोयुरिडिन होतं, इनोसिन होतं, डायहायड्रोयुरिडिनही होतं, सगळी बदललेली अक्षरं. आणि यीस्ट कुठलं, तर पाव फुगवायला वापरतात ते. पेशी टी-आरएनए आधी साध्या चार अक्षरांतच लिहिते, मग तिचीच एन्झाइम्स ठरावीक जागची अक्षरं बदलतात. भेसळ म्हणायचीच, तर ती पेशीच करते.

‘उपयोग शून्य.’ इथे मात्र मजकूर साफ आपटतो. ई. कोलाय जिवाणूच्या एका टी-आरएनएचा अँटिकोडॉन (संदेशातला तीन अक्षरी शब्द, म्हणजे कोडॉन, वाचणारी त्याची तीन अक्षरं) जनुकात सीएयू असा लिहिलेला असतो. तो मेथिओनिन या अमिनो आम्लाचा, एयूजी हा कोडॉन वाचणारा. पण टिलएस नावाचं एन्झाइम त्यातल्या ‘सी’ला लायसिन जोडतं आणि लायसिडिन तयार होतं. त्यासरशी तो टी-आरएनए एयूजी सोडून एयूए वाचू लागतो, आणि त्याच्यावर मेथिओनिनऐवजी आयसोल्युसिन चढतं. एका अक्षरावरच्या बदलाने वाचायचा कोडॉनही फिरला आणि वाहायचं अमिनो आम्लही. टिलएसचं जनुक काढलं की जिवाणू जगत नाही.

माणसातही तेच. पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या डीएनएत ३२४३व्या जागी, म्हणजे ल्युसिन टी-आरएनएच्या जनुकात, एचा जी झाला, की अँटिकोडॉनमधल्या ‘यू’वर एरवी होणारा टॉरिन हा रेणू जोडण्याचा बदल नीट होत नाही आणि यूयूजी कोडॉन वाचणं अडतं. मेलास या आजारामागे बहुतेक रुग्णांत हाच दोष असतो. त्यात तरुणपणीच पक्षाघातासारखे झटके येतात.

मजकुरात तथ्याचा एक कण आहे. प्रत्येक बदल जीवनावश्यक नसतो. स्यूडोयुरिडिन बनवणारं ट्रूबी एन्झाइम काढलं तरी ई. कोलाय छान वाढतो. फक्त मूळ वाणाबरोबर एकत्र वाढवला, तर मागे पडतो.

राहता राहिली लस. ती सुरक्षित आहे की नाही हे चाचण्यांवरून ठरतं, टी-आरएनएवरून नाही. हे दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावं. फायझर आणि मॉडर्नाच्या लशींतलं अक्षर स्यूडोयुरिडिनही नव्हे, त्यावर एक मिथाइल गट जास्त असलेलं आहे. तेसुद्धा आर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांच्या टी-आरएनएत ५४व्या जागी आढळतं.